आर्डिसबाईंच्या गोधडीची पाठ

नाव: श्रीमती आर्डिस मोएन. वय: विचारणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर विचारावे. हुद्दा: आजीव अध्यक्षा, ईस्ट क्रीक लुथरन चर्च गोधडी मंडळ, शिवाय काउंटीच्या जत्रेत हस्तकला विभागाच्या परीक्षक. कार्यालय: चर्चचे तळघर, रेडिएटरलगतची खुर्ची. कार्यक्षेत्र: मंडळात घातला जाणारा प्रत्येक टाका, तसेच मंडळाबाहेर घातला गेलेला परंतु सदर व्यक्तीच्या नजरेस पडलेला प्रत्येक टाका. अधिकार: उसवण्याचा आदेश देणे. अपील: सोय नाही. ओळखीची खूण: गळ्यात फितीला अडकवलेली बगळ्याच्या चोचीची कात्री. ती दुसऱ्या कोणी उचलल्यास सदर व्यक्ती काहीही बोलत नाही, आणि तेवढे पुरते.

काहीही न बोलणं हा आमच्या भागात एक गुन्हा नसून शिक्षा आहे. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. परिणाम मात्र पुष्कळ पाहिलेत. एखादी गोष्ट फारच आवडली तर आम्ही ‘वाईट नाही’ म्हणतो. ऑर्लिन मोएनने लग्नाच्या दिवशी नवरीला पाहून ‘वाईट नाही’ म्हटलं होतं आणि आर्डिसबाई ते अजून लाजत सांगतात. आणि एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही, तर म्हणतो, ‘वेगळं आहे.’ ‘वेगळं आहे’ ऐकून गाव सोडून गेलेली माणसं आहेत.

आर्डिसबाईंची शिवायची पद्धत एकच, आणि ती जगातली एकमेव. कागदाचे षटकोन कापायचे. प्रत्येकावर कापड गुंडाळून कच्च्या टाक्याने टाचायचं. मग काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचं. मधे पिवळा षटकोन, भोवती सहा रंगीत, की झालं एक फूल. अशा फुलांची बाग. चहूबाजूंनी शेजारी मिळाले की त्या षटकोनाच्या पोटातला कागद ओढून काढायचा. कागद चर्चच्या रविवारच्या जुन्या पत्रकांचे. त्यामुळे आमच्या कित्येक फुलांच्या पोटात अर्धवट प्रवचनं असत. पास्टरांना याचं समाधान होतं. म्हणायचे, इतके महिने ती दुसऱ्या कुणाच्या पोटात राहत नाहीत.

या व्यवस्थेत जोडी नावाची एक तरुण बाई आली.

जोडी मिनियापोलिसची. नवऱ्याला इथल्या शाळेत बँड शिकवायची नोकरी लागली म्हणून आली. स्वभावाने चांगली, पण मनातलं तोंडाने सांगायची सवय. तिचे षटकोन प्रिंटरमधून निघायचे. मेणकागदावर कापड चिकटवायचं, ते प्रिंटरमध्ये सरकवायचं, की कापडाच्या उलट्या बाजूवर फिक्या निळ्या शाईत षटकोनांची जाळी छापून बाहेर येते. एक रेघ कापायची, एक रेघ शिवायची, कोपऱ्यावर ठिपके. कागद नाही, टाचणं नाही. कापायचं आणि रेघेवरून धावदोरा घालत सुटायचं. मग धुतलं की शाई गेली.

पहिल्याच वर्षी तिने जत्रेत बागेची गोधडी ठेवली, अस्तर न लावलेली. आर्डिसबाईंनी कोपरा उलटून पाहिला. एका शिवणीच्या मायेत, म्हणजे आत सोडलेल्या काठावर, एक निळी रेघ धुवायची राहून गेली होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“वेगळं आहे,” त्या म्हणाल्या.

गोधडी ‘हाताने जोडलेल्या’ गटातून ‘इतर’ गटात गेली. तिथे मक्याच्या बियाण्याबरोबर फुकट मिळणाऱ्या टोप्या उसवून एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरने केलेली गोधडी होती. जोडीचा दुसरा नंबर आला. गटात दोनच गोधड्या होत्या.

पुढच्या मंगळवारी जोडी लिंबाच्या वड्यांचं तबक घेऊन मंडळात हजर. आम्हाला वाटलं, हिला कळलंच नाही काय झालं ते. आता वाटतं, आमच्यात सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं.

आता पाळीबद्दल सांगायला हवं. मंडळातल्या प्रत्येकीची एक गोधडी आयुष्यात एकदा, गोधडी ताणून धरणाऱ्या मोठ्या लाकडी चौकटीवर चढते. वरचा थर तिने एकटीने जोडायचा. मग त्याखाली कापूस, खाली अस्तर, आणि सगळ्या जणी हिवाळाभर भोवती बसून ती शिवतात. ज्या गोधडीत सगळ्यांचे टाके आहेत अशी ती एकच. आर्डिसबाईंची पाळी कितीदा तरी आली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ती देऊन टाकली. एकदा बाळंतिणीला, एकदा विधवेला, एकदा गोठा जळला म्हणून आमच्यातल्याच लाव्होनला. या त्यागाचं त्यांच्याकडे एवढं भांडवल साठलं होतं की त्यांच्यासमोर कुणी दुसरी वडी उचलायला धजत नसे.

त्या उन्हाळ्यात मात्र डॉक्टरांनी त्यांच्या अंगठ्यांचे सांधे दाबून पाहिले आणि हवेबद्दल बोलायला लागले. त्यावरून आर्डिसबाई काय ते समजल्या. पुढच्या हिवाळ्यात सुई धरता येईलच असं नव्हतं. मंगळवारी त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवून जाहीर केलं, “या वर्षीची पाळी मी घेईन म्हणते.”

“वाईट नाही,” लाव्होन म्हणाली, आणि रुमाल शोधायला लागली.

घरी मात्र वाईटच होतं. कागदावर कापड दुमडून दाबून धरायला अंगठा लागतो. आर्डिसबाईंचा अंगठा दुमडताना कण्हायचा आणि दाबताना नकार द्यायचा. बाग होणं तर दूरच, एक वाफाही होईना. तेव्हा एक दिवस त्यांनी गाडी हार्डवेअरच्या दुकानापुढे लावली आणि कुणाला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीतून चालत जोडीच्या मागच्या दाराशी गेल्या. त्या गल्लीत मोजक्याच स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात. त्या सगळ्या आमच्या.

आत काय झालं ते जोडीने पुढे सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं, फक्त तिच्याकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

“बसायला नाही आले मी,” असं म्हणून आर्डिसबाई बसल्या.

“कॉफी?”

“नको, नको. मुद्दाम नको करूस.”

“केलेलीच आहे.”

“नको गं, आत्ताच झाली.”

“अर्धा कप?”

“बरं, ओतायचीच असेल तर.” मग कोटाची बटणं न काढता त्या म्हणाल्या, “माझ्या ओळखीची एक बाई आहे.”

“बरं.”

“तिचा अंगठा गेलाय. कागदावर टाचणं होत नाही तिला. बाई हट्टी आहे.”

“मी ओळखते का त्यांना?”

“नाही. ती फारशी कुठे जात-येत नाही.”

“मग त्यांना म्हणावं कापड पाठवा, मी छापून देईन. काय रंग आहेत त्यांच्याकडे?”

आर्डिसबाईंनी कोटातून पिशवी काढली. “नशीब, तिने माझ्याकडेच ठेवलं होतं.”

जोडीने पिशवीत डोकावून पाहिलं. “छान आहेत. फक्त त्यांना एक सांगा हं. छापल्यानंतर इस्त्री करायची नाही. सगळं जोडायचं, धुवायचं, शाई गेली की मगच इस्त्री. गरम लागलं तर ही शाई पक्की बसते.”

“इस्त्री न करता शिवायचं?”

“हो.”

“चुरगळलेलं?”

“थोडंसं.”

आर्डिसबाईंनी कप बशीत ठेवला. “हे तिला आवडायचं नाही.”

पण बाकीचं आवडलं, आणि हीच खरी पंचाईत झाली. रेघ तयार, ठिपके तयार. सुई चार बोटांत धरली तरी चाले, अंगठ्याने नुसतं सोबतीला यायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रेडिओवर बेसबॉल लावून त्या शिवत, आणि फूल झालं की ऑर्लिनच्या नाकासमोर धरत. तो ‘वाईट नाही’ म्हणे. एवढं कौतुक त्या घरात लग्नानंतर झालं नव्हतं. दारावर कुणी आलं की कामाची पिशवी खुर्चीवर आणि आर्डिसबाई पिशवीवर. लाव्होन म्हणते, त्या दिवसांत आर्डिस जरा उंच झाल्यासारखी वाटायची, आणि बाग वाढत गेली तशी आणखी उंच.

इस्त्रीचं काय, ते एव्हाना वाचकांनी ताडलं असेल. इस्त्री न केलेलं कापड आर्डिसबाईंनी जन्मात शिवलेलं नाही. ऑर्लिन ज्या रुमालाने ट्रॅक्टरचं तेल पुसतो, त्यालाही त्या घडीवर इस्त्री करतात. मिनियापोलिसच्या मुलीने काहीही सांगावं! प्रत्येक फूल झालं की त्याची शिवण दाबायची, दोन फुलं जोडली की पुन्हा दाबायची. गरम इस्त्री, वाफ सोडून, वर ओलं फडकं घालून. शाईला त्यांनी एकदाही निसटायची संधी दिली नाही.

बाग पुरी झाल्यावर त्यांनी ती न्हाणीघरातल्या टबात भिजत घातली. साबण झाला. व्हिनेगर झालं. लिंबू झालं. तिसऱ्या दिवशी ऑर्लिन पशुखाद्याच्या दुकानात कॉफी पीत होता. तिथे बसणारे बाप्ये आम्हा बायकांच्या गप्पांना नावं ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं घरी आणून सांगतात.

“काय रे ऑर्लिन, आज टोपी काढलीच नाहीस?”

“केस धुतले नाहीत. आमच्याकडे आंघोळी बंद आहेत सध्या.”

“पाइप फुटला की काय?”

“नाही. टबात बाग आहे,” ऑर्लिन म्हणाला. “निळी.”

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं, आणि अर्थातच कुणी काही बोललं नाही.

सोमवारी आर्डिसबाईंनी लाव्होनला फोन केला.

“माझी पाळी तू घेतेस का?”

“माझी झालीय की गं. गोठा जळला तेव्हा.”

“पुन्हा घे.”

“एकदाच असते. तूच म्हणतेस ना?”

“मग बोर्गहिल्डला दे.”

“बोर्गहिल्डची झाली तेव्हा तू शाळेत होतीस. आर्डिस, काय झालंय?”

“काही नाही. चौकट राहू दे या वर्षी रिकामी. गारठा पडलाय.”

“पडलाय खरा,” लाव्होन म्हणाली. आमच्याकडे बोलण्यात हवा आली की बोलणं संपलं.

आर्डिसबाई गोधडी का मागे घेत होत्या हे समजायला मंडळाचा एक रिवाज माहीत हवा. चौकटीवर चढवण्याआधी वरचा थर लांब टेबलावर पालथा घालतात, आणि सगळ्या जणी भोवती उभ्या राहून त्याची पाठ बघतात. सुटे दोरे कापतात, शिवणी चाचपतात. समोरून सगळ्याच गोधड्या शहाण्या दिसतात. बाईची खरी रीत पाठीवर दिसते, असं आर्डिसबाईंचं मत होतं, आणि त्या मतापायी किती तरी जणींनी घरी जाऊन रडत शिवण उसवली होती. कापूस आणि अस्तर लागलं की ती पाठ पुन्हा कुणाला दिसत नाही. म्हणजे आर्डिसबाईंना फक्त ही एक घटका टाळायची होती, आणि ती टळायची तर पाळीच सोडायला हवी होती. पुढच्या वर्षीचा अंगठा कुणी पाहिलाय?

मंगळवारी त्या हात हलवत आल्या.

“गोधडी?” लाव्होनने विचारलं.

“घरी राहिली.” त्या आपल्या खुर्चीत बसल्या. “विसरले. आज आपण पडद्यांचं काम करू.”

एवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि ऑर्लिन उशीचा गच्च भरलेला अभ्रा छातीशी धरून खाली आला. “अगं, ही राहिली बघ. दारातनं दोन हाका मारल्या, तुला ऐकू गेलं नाही वाटतं.”

“ऐकू आलं होतं,” आर्डिसबाई म्हणाल्या.

“बरं,” ऑर्लिन म्हणाला. त्याने अभ्रा टेबलावर ठेवला. एरवी तो जिन्यातूनच परत जातो. त्या दिवशी भिंतीशी खुर्ची ओढून बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. तो भोळा आहे की नाही, यावर मंडळात अजून दोन मतं आहेत.

लाव्होनने अभ्र्याला हात घातला.

“थांब,” आर्डिसबाई उठल्या. “मीच उलटते.”

त्यांनी ती बाहेर काढली, झटकली आणि पालथी पसरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या रेघा, एकीला एक लागून, कोपऱ्याकोपऱ्यावर ठिपका. इस्त्रीने अशा बसलेल्या की मधमाश्यांनी मंजुरीसाठी पाठवलेला पोळ्याचा आराखडा वाटावा. रेडिएटर खडखडला. तबकात एकच वडी उरली होती. कुणी तरी तिची अर्धी कापून घेतली, मग दुसरीने उरलेलीची अर्धी. कुणाच्या तरी तोंडून ते दोन शब्द निघणार म्हणून आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत होतो.

नियमाप्रमाणे पाठ आधी सगळ्यात वडील बाईने बघायची. बोर्गहिल्ड नव्वदीच्या पुढच्या. त्यांना माणसं आवाजावरून ओळखू येतात. त्या वाकल्या, नाक जवळजवळ कापडाला टेकवलं.

“रेघ दिसत्येय मला,” त्या म्हणाल्या.

लाव्होनने डोळे मिटून घेतले.

“अगं, खरंच दिसत्येय! किती वर्षांनी! ही बघा, अशी जाते, मग अशी वळते.” त्यांनी बोट फिरवलं. “कुणी काढली? चांगली ठळक काढलीय.”

“छापील आहे ती,” आर्डिसबाई म्हणाल्या.

“असेल. आमच्या आईच्या गोधड्यांचं अस्तर कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यांचं. त्यावर भली मोठी कोंबडी छापलेली, कितीही धुतली तरी जायची नाही. माझा धाकटा भाऊ तिच्याशी बोलल्याशिवाय झोपायचा नाही.”

लाव्होन हसली, आणि हसणं आवरायला खोकली. आर्डिसबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या पलीकडे पाहिलं.

“जोडी, तुझी गोधडी मी त्या टोप्यांच्या शेजारी ठेवली.”

“हो.”

“ते बरोबर नव्हतं.”

“टोप्या चांगल्या होत्या,” जोडी म्हणाली.

“इस्त्री करू नको म्हणून तू सांगितलं होतंस.”

“तुम्हाला कुठे? मी तुमच्या त्या ओळखीच्या बाईंना सांगितलं होतं.”

“तिने ऐकलं नाही.”

“हट्टी आहेत म्हणालात.”

“आहेच,” ऑर्लिन भिंतीकडून म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आर्डिसबाईंनी गोधडीची दोन टोकं उचलून घडी घालायला सुरुवात केली. अंगठे नीट वळत नव्हते, त्यामुळे घडी वेडीवाकडी होत होती आणि त्या तीच पुन्हा पुन्हा घालत होत्या. “ज्यांना मी उसवायला लावलं, त्या इथेच बसल्यात. मी कुठल्या तोंडाने हिच्याभोवती तुम्हाला बसवू? ही घरी नेते. आणि अध्यक्षपदाचा राजीनामा देते. आत्ता, इथे.”

लाव्होनने घडीवर हात ठेवला. ती त्या उसवणाऱ्यांतली होती. तिच्या गोधडीची एक अख्खी कड तिला दोनदा जोडावी लागली होती. “गोधडी राहू दे, आर्डिस. मला सुईत दोरा ओवून दीड तास झालाय. राजीनाम्याचं बघू.”

“आधी राजीनामा.”

“बरं बाई, दे. कुणाकडे द्यायचाय?”

पास्टरांकडे? ते म्हणतात, तळघरात आपलं काही चालत नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

“ज्यांनी निवडलं त्यांच्याकडे द्यायचा असतो ना?” जोडीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. “कुणी निवडलं होतं तुम्हाला?”

“मंडळाने,” आर्डिसबाई म्हणाल्या. “माझ्याआधीची टिल्डा वारली तेव्हा. लाव्होनच्या आईने नाव सुचवलं असणार.”

“माझी आई? ती तर म्हणायची, तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवलंत, मला विचारलंसुद्धा नाही.”

“मग बोर्गहिल्डने.”

“मी नाही बाई,” बोर्गहिल्ड अजून रेघेवरून बोट फिरवत होत्या. “टिल्डाची खुर्ची रिकामी होती. तुला थंडी वाजत होती म्हणून तू तिथे जाऊन बसलीस. मग येणारी जाणारी तुलाच विचारायला लागली.”

आर्डिसबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. मग घडी सोडली. लाव्होनने आणि जोडीने मिळून अस्तर ताणलं, वर कापूस पसरला, आणि बाग सुलटी बाजू वर करून चौकटीवर चढवली. निळ्या रेघा कापसात गेल्या. बोर्गहिल्ड तेवढ्या हळहळल्या. पहिला टाका जिची गोधडी तिने घालायचा असतो. आर्डिसबाईंनी तो चार बोटांनी घातला, जरा तिरका पडला, आणि तो उसवायला कुणी सांगितलं नाही. मग आम्ही सगळ्या खुर्च्या ओढून बसलो.

राजीनाम्याचं म्हणाल, तर तो द्यायला मंडळात अध्यक्षपदच नाही; कधी नव्हतंच.